तत्त्व आणि अवशेष : समग्र जीवनदृष्टी म्हणून कॅल्व्हिनवाद

१

मराठी समीक्षेत ‘जीवनदृष्टी’ हा शब्द गेली अनेक दशके मोठ्या विश्वासाने वापरला जातो. लेखकाची जीवनदृष्टी समृद्ध आहे, एकांगी आहे, अमुक कादंबरीमागे निश्चित जीवनदृष्टी आहे, अशी विधाने आपण वाचतो, लिहितो आणि विद्यार्थ्यांकडूनही लिहून घेतो. या विधानांमागे एक गृहीतक असते. जीवनाच्या सर्व अंगांना व्यापणारी, आतून सुसंगत अशी एक दृष्टी असू शकते आणि कलाकृती हा तिचा आविष्कार असतो, हे ते गृहीतक. ही कल्पना कोठून आली, कोणी आणि कोणत्या गरजेपोटी ती घडवली, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या संकल्पनेचा जर्मन तत्त्वज्ञानातील प्रवास सर्वपरिचित आहे. कांटने १७९० मध्ये ‘वेल्टआनशाउउंग’ हा शब्द जवळजवळ जाताजाता वापरला. पुढे रोमँटिक विचारवंतांनी व डिल्थायने त्याला वजन दिले. ल्युसिअँ गोल्डमनने ‘दडलेला ईश्वर’ या १९५५ च्या ग्रंथात पास्काल व रासीन यांच्या संदर्भात त्याचे साहित्यसमीक्षेच्या साधनात रूपांतर केले. परंतु या संकल्पनेचा आणखी एक इतिहास आहे. तो विद्यापीठीय तत्त्वज्ञानापेक्षा धर्म, राजकारण, शाळा आणि वृत्तपत्रे यांच्या जगात घडला. १८९८ च्या ऑक्टोबर महिन्यात अब्राहम कायपर हा डच धर्मशास्त्रज्ञ, संपादक आणि राजकीय पुढारी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे सहा व्याख्याने देण्यासाठी गेला. कॅल्व्हिनवाद हा केवळ एक धर्मपंथ नसून धर्म, राजकारण, विज्ञान, कला या सर्वांना आकार देणारी स्वतंत्र जीवनव्यवस्था आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. जीवनदृष्टीचा समग्रतेचा दावा इतक्या नि:संदिग्धपणे क्वचितच कोणी मांडला असेल. या दाव्याचे ऐतिहासिक स्वरूप तपासणे आणि त्याच्या आधारे ‘जीवनदृष्टी’ या संकल्पनेची समीक्षेतील उपयुक्तता व मर्यादा पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

ज्याच्या नावाने हा वाद ओळखला जातो त्या जॉन कॅल्व्हिनपाशी ‘जीवनदृष्टी’ असा शब्द नव्हता. फ्रान्समधील न्वायाँ येथे १५०९ मध्ये जन्मलेला हा माणूस शिक्षणाने कायदेपंडित आणि वृत्तीने मानवतावादी अभ्यासक होता. त्याचा पहिला ग्रंथ (१५३२) हे सेनेकाच्या दयाविषयक निबंधावरील भाष्य होते. ज्या ग्रंथामुळे तो युरोपभर ओळखला गेला, तो ‘ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वे’ १५३६ मध्ये बाझेल येथे सहा प्रकरणांचे छोटे पुस्तक म्हणून निघाला. १५५९ च्या अंतिम लॅटिन आवृत्तीत त्याचे चार भाग व ८० प्रकरणे झाली. तेवीस वर्षे एकाच ग्रंथाचे पुनर्लेखन करीत राहणाऱ्या या लेखकाने सिद्धान्ताची इमारत एकदा उभारून दिली असे म्हणण्यापेक्षा तो आयुष्यभर वाचीत आणि दुरुस्त करीत राहिला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

साहित्याच्या अभ्यासकाला कॅल्व्हिनमध्ये रस वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे त्याचा वाचनविचार. बायबलमध्ये ईश्वराला हात, डोळे, क्रोध, पश्चात्ताप असल्याची वर्णने येतात. दाई तान्ह्या मुलाशी जशी बोबडे बोलते तसा ईश्वर माणसाच्या आकलनाच्या मर्यादेपर्यंत खाली येऊन बोलतो, असे स्पष्टीकरण कॅल्व्हिन देतो. आपल्या संतसाहित्यात बोबडे बोल भक्ताचे असतात आणि ऐकणारी माउली ईश्वर असते. येथे नाते उलटे आहे. ईश्वराचे अनंतत्व आणि मानवी भाषेचे तोकडेपण यांतील अंतर ही कॅल्व्हिनच्या विचाराची मध्यवर्ती जागा आहे. पूर्वनियतीचा बहुचर्चित सिद्धान्तही याच अंतरातून येतो. कोणाचा उद्धार व्हावा याचा निर्णय ईश्वराने आधीच केलेला आहे आणि मानवी पुण्याईचा त्याच्याशी संबंध नाही, हे तत्त्व कॅल्व्हिनने नव्याने शोधलेले नव्हते. त्याची मुळे ऑगस्टिनमध्ये आहेत. कॅल्व्हिनने त्याला अधिक काटेकोर रूप दिले, इतकेच.

मात्र या विचाराचा सर्व जीवनाशी संबंध येतो तो जिनीव्हात. १५३६ मध्ये कॅल्व्हिन तेथे आला, १५३८ मध्ये नगरपरिषदेने त्याला हाकलले आणि १५४१ मध्ये परत बोलावले. त्या वर्षीच्या धर्मनियमांनी चर्चची चार पदे ठरवली : पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक. पाळक व वडील यांची मिळून कॉन्सिस्टरी नावाची सभा दर आठवड्याला भरे. तिच्या दप्तरात नवराबायकोची भांडणे, जुगार, नाच, लॅटिनमधून म्हटलेल्या जुन्या प्रार्थना, प्रवचनाला गैरहजेरी, शेजाऱ्यांतील वैर अशी प्रकरणे नोंदलेली आहेत. या दप्तराचे संपादन होऊन ते १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यावरून जिनीव्हाचे एक संमिश्र चित्र उभे राहिले आहे. ही सभा हेरगिरी करणारी होती, तशीच ती समेट घडवून आणणारीही होती. मारकुट्या नवऱ्याला जाब विचारणारी आणि आजीच्या तोंडची जुनी प्रार्थना पुसून टाकू पाहणारी सभा एकच होती.

याच नगरात २७ ऑक्टोबर १५५३ रोजी मिगेल सेर्व्हेतस या स्पॅनिश वैद्य व धर्मचिंतकाला त्रैक्याचा सिद्धान्त नाकारल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. शिक्षा नगरपरिषदेने दिली. तथापि खटल्यामागे कॅल्व्हिन होता आणि मृत्युदंडाला त्याची संमती होती. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, एवढीच त्याची सूचना होती. पुढच्याच वर्षी सेबास्तियन कास्तेलियोने पाखंड्यांना मारण्याच्या प्रश्नावर संकलन प्रसिद्ध करून या कृतीचा निषेध केला. हा कास्तेलियो एकेकाळी कॅल्व्हिनचा सहकारी होता आणि जिनीव्हाच्या शाळेचा प्रमुख होता. म्हणजे सर्व जीवन ईश्वराच्या सत्तेखाली आणण्याच्या प्रकल्पावरचा पहिला मोठा आक्षेप त्याच वर्तुळातून आला. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवली पाहिजे.

३

कॅल्व्हिनच्या मृत्यूनंतर (१५६४) हा पंथ फ्रान्स, नेदरलंड्स, स्कॉटलंड, हंगेरी आणि इंग्लंडमधील प्युरिटन यांच्यात पसरला. नेदरलंड्समध्ये १६१८–१९ च्या डोर्टच्या धर्मसभेने पूर्वनियतीबाबत मवाळ भूमिका घेणाऱ्यांना बहिष्कृत केले. मवाळांचा राजकीय पाठीराखा ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. ह्यूगो ग्रोशियस या विधिज्ञाला जन्मठेप झाली आणि १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तो तुरुंगातून निसटला. १६३७ मध्ये बायबलचे अधिकृत डच भाषांतर निघाले. या भाषांतराचा डच गद्यावरील प्रभाव दीर्घकाळ टिकला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डच चर्चमध्ये उदारमतवादी धर्मशास्त्राचा वरचष्मा झाला होता. १८३७ मध्ये जन्मलेला कायपर लायडन विद्यापीठात याच वातावरणात घडला. त्याच्या परिवर्तनाची हकिगत त्याने स्वत: १८७३ मध्ये एका आत्मनिवेदनपर पुस्तिकेत सांगितली आहे. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने ती विलक्षण आहे. वाग्दत्त वधूने पाठवलेली एक इंग्रजी कादंबरी त्याने वाचली. ती होती शार्लट यंग हिची ‘द एअर ऑफ रेडक्लिफ’ (१८५३). त्यातील बुद्धिमान, गर्विष्ठ, इतरांचा न्याय करण्यास सदैव तयार असलेल्या फिलिपमध्ये त्याला स्वत:चे रूप दिसले. अखेरीस फिलिप पश्चात्तापाने गुडघे टेकतो त्या प्रसंगाने आपला अहंकार मोडला, असे तो लिहितो. त्यानंतर १८६३ मध्ये बेस्ट या खेड्यात पाळक म्हणून गेल्यावर पीत्ये बाल्तुस या गिरणीवाल्याच्या मुलीने व तिच्यासारख्या अल्पशिक्षित पण कट्टर शेतकरी कुटुंबांनी त्याला जुन्या कॅल्व्हिनपंथाकडे वळवले.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. यंग ही लेखिका इंग्लंडच्या चर्चमधील उच्चविधिवादी, म्हणजे कॅथलिक परंपरेकडे झुकलेल्या चळवळीतील होती. कॅल्व्हिनवाद ही स्वयंपूर्ण, इतर सर्व दृष्टींपासून वेगळी जीवनव्यवस्था आहे असे पुढे सांगणाऱ्या माणसाच्या आयुष्याला वळण लागले ते विरुद्ध धर्मदृष्टीच्या लेखिकेच्या कादंबरीमुळे. कादंबरीने आपल्या लेखिकेची जीवनदृष्टी वाचकापर्यंत पोहोचवली नाही. तिने एक पात्र पोहोचवले. या अनुभवाचा सैद्धान्तिक अर्थ कायपरने कधी तपासला नाही.

कायपरची पुढील कारकीर्द संस्था उभारण्यात गेली. १८७२ मध्ये ‘दे स्टांडार्ड’ हे दैनिक, १८७९ मध्ये क्रांतिविरोधी पक्ष, १८८० मध्ये ॲम्स्टरडॅमचे स्वतंत्र विद्यापीठ, १८८६ मध्ये प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडणे आणि १९०१ ते १९०५ या काळात पंतप्रधानपद. ‘क्रांतिविरोधी’ या नावातील क्रांती म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती, अर्थात ईश्वराऐवजी मानवी इच्छेला सार्वभौम मानणारे तत्त्व. या साऱ्या चळवळीचे इंधन होते शाळांचा प्रश्न. १८७८ च्या कायद्याने शाळांवर खर्चिक अटी लादल्या आणि सरकारी मदत फक्त धर्मनिरपेक्ष शाळांना ठेवली. आपल्या श्रद्धेप्रमाणे मुलांना शिकवू पाहणाऱ्या गरीब पालकांवर दुहेरी भार पडला. त्याविरुद्ध राजाकडे गेलेल्या अर्जावर ३,००,००० हून अधिक सह्या होत्या. सुतार, कोळी, छोटे दुकानदार, शेतमजूर अशा ज्यांना तो ‘लहान माणसे’ म्हणे त्यांना कायपरने शब्द दिले, वृत्तपत्र दिले आणि मतपेटीपर्यंत नेले. त्याच्या कल्पनेचे मूल्यमापन करताना तिच्या मागची ही खरी सामाजिक वंचना विसरता येणार नाही.

२० ऑक्टोबर १८८० रोजी विद्यापीठाच्या उद्घाटनप्रसंगी त्याने ‘स्वक्षेत्री सार्वभौमत्व’ हा सिद्धान्त मांडला. अंतिम सार्वभौमत्व एकट्या ईश्वराचे. म्हणून कोणत्याही मानवी संस्थेला सर्वंकष सत्ता नाही. कुटुंब, विद्या, कला, उद्योग, चर्च ही क्षेत्रे आपापल्या नियमांनी चालतात. राज्यसंस्थेने क्षेत्राक्षेत्रांतील तंटे सोडवावेत, एखाद्या क्षेत्रात दुर्बलावर अन्याय होत असेल तर त्याला संरक्षण द्यावे आणि राज्य टिकवण्याचा भार सर्वांवर समान वाटावा. चर्चनेही कलेवर वा विद्येवर हुकूम चालवू नये. मानवी अस्तित्वाची बोटभर जागाही ख्रिस्ताच्या स्वामित्वाबाहेर नाही, अशा आशयाचे त्याचे प्रसिद्ध उद्गार याच भाषणातले.

या दोन विधानांतील ताण हाच कायपरच्या विचाराचा गाभा आहे. एक विधान सर्व क्षेत्रे एकाच स्वामित्वाखाली आणते, दुसरे प्रत्येक क्षेत्राला स्वायत्त करते. समग्रतेचा दावा येथे बहुविधतेचे समर्थन म्हणून येतो. १९१७ मध्ये घटनादुरुस्तीने धार्मिक व सरकारी शाळांना समान अर्थसाहाय्य मिळाले. त्यातून कॅल्व्हिनपंथी, कॅथलिक, समाजवादी अशा स्वतंत्र ‘स्तंभां’त विभागलेला डच समाज स्थिर झाला. प्रत्येकाची शाळा, वृत्तपत्र, कामगार संघटना आणि नभोवाणी संस्था वेगळी. एकाच गल्लीतील दोन मुले वेगवेगळ्या शाळांत जात, त्यांच्या घरी वेगवेगळी वर्तमानपत्रे येत आणि तरीही त्यांचे पुढारी संसदेत तडजोडी करीत. १९६० नंतर ही व्यवस्था वेगाने विरघळली. कायपरचा पक्ष १९८० मध्ये व्यापक ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षात आणि त्याचे चर्च २००४ मध्ये एकीकृत प्रोटेस्टंट चर्चमध्ये विलीन झाले. मधल्या काळात ही दृष्टी अमूर्त तत्त्वज्ञान राहिली नाही. माणूस कोणाकडून भाकरी विकत घेतो इथपर्यंत तिची पोहोच होती.

४

प्रिन्स्टनच्या व्याख्यानांची युक्तिवादपद्धती पाहण्यासारखी आहे. प्रत्येक जीवनव्यवस्थेने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत, असे कायपर म्हणतो : माणसाचे ईश्वराशी, माणसाशी आणि जगाशी नाते कोणते? या निकषावर तो बहुदेवपूजा, इस्लाम, रोमन कॅथलिक पंथ, आधुनिकतावाद आणि कॅल्व्हिनवाद अशा पाच व्यवस्था लावतो आणि अखेरची श्रेष्ठ ठरवतो. डच स्वातंत्र्ययुद्ध, इंग्लंडमधील घटनात्मक राज्य, अमेरिकेची स्थापना, लायडन विद्यापीठ, सतराव्या शतकातील चित्रकला या साऱ्यांचे श्रेय एका तत्त्वाकडे जाते.

प्रश्न उद्भवतो तो नकोशा वारशाचा. सेर्व्हेतसच्या चितेचे काय? कायपर ती लपवत नाही. त्याला त्या घटनेबद्दल तीव्र खेद आहे. परंतु ती कॅल्व्हिनवादाच्या तत्त्वातून आली नाही, कॉन्स्टंटाइनच्या काळापासून चालत आलेल्या राज्य आणि धर्म यांच्या युतीचा तो अवशेष होता, असे तो सांगतो. १९०५ मध्ये त्याच्या चर्चने आपल्या विश्वासपत्रातून मूर्तिपूजा व खोटा धर्म नष्ट करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे शब्द काढून टाकले. हे पाऊल प्रामाणिक होते यात शंका नाही. तथापि विश्लेषणाची पद्धत म्हणून तत्त्व व अवशेष यांची ही विभागणी तपासली पाहिजे. जे आज स्वीकारार्ह ते तत्त्व आणि जे लज्जास्पद तो अवशेष, अशी वाटणी केली की कोणतीही जीवनदृष्टी इतिहासाकडून कधीच खोटी ठरू शकत नाही.

या ठिकाणी मॅक्स वेबरशी तुलना उद्बोधक ठरते. १९०४–०५ मध्ये, म्हणजे कायपरनंतर सहाच वर्षांनी, त्याने प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध मांडला. आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही हे कळण्याचा मार्ग नसलेला श्रद्धाळू आपल्या व्यवसायाला ईश्वरी पाचारण मानून शिस्तीने राबतो, काटकसर करतो आणि कृपेची खूण कर्मात शोधतो. त्यातून संचय वाढतो. वेबरच्या प्रमेयावर पुढे अनेक आक्षेप घेतले गेले. परंतु त्याची पद्धत कायपरच्या नेमकी उलट आहे. कायपरला तत्त्वाचे हेतुपूर्ण फलित दिसते. वेबरला दिसतात ते धर्मसुधारकांना अभिप्रेत नसलेले परिणाम. कायपरच्या दृष्टीने इतिहास म्हणजे बीजाचे झाड होणे. वेबरच्या दृष्टीने श्रद्धेने उभारलेली चौकट श्रद्धा आटल्यावरही माणसाला जखडून ठेवते.

५

कलेवरील पाचव्या व्याख्यानात कायपर एक अवघड बाजू लढवतो. मूर्ती व चित्रे चर्चमधून काढून टाकणाऱ्या, भिंतींना चुना फासणाऱ्या पंथाने कलेला काय दिले? कॅल्व्हिनवादाने स्वत:ची कलाशैली निर्माण केली नाही हे तो मान्य करतो आणि तेच त्याचे सामर्थ्य मानतो. ज्या उपासनेला प्रतीकांची गरज उरत नाही ती कलेला धर्माच्या पालकत्वातून मुक्त करते. शिवाय ईश्वरी निवड प्रतिष्ठा पाहत नसल्याने सामान्य माणूसही अर्थपूर्ण ठरतो. डच चित्रकारांनी स्वयंपाकघर, बाजार, म्हातारीचा चेहरा यांकडे जी नजर वळवली तिचे मूळ येथे आहे, असे त्याचे म्हणणे आहे.

हे विवेचन आकर्षक आहे. पीटर सान्रेदाम या चित्रकाराची चुन्याने पांढऱ्या केलेल्या चर्चच्या अंतर्भागाची चित्रे पाहिली की मूर्तिभंजनातून उरलेल्या रित्या जागेलाही सौंदर्य लाभले हे पटते. परंतु इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. घरगुती गोंधळाची चित्रे काढणारा यान स्टेन कॅथलिक होता. डच भाषेचा श्रेष्ठ कवी व्हॉन्डेल मेनोनाइट घरात जन्मला आणि १६४१ च्या सुमारास कॅथलिक झाला. ओल्डेनबार्नेव्हेल्टच्या वधावर रूपकात्मक नाटक लिहिल्याबद्दल १६२५ मध्ये त्याला दंड झाला. १६५४ मध्ये त्याचे ‘लुसिफर’ हे नाटक ॲम्स्टरडॅमच्या रंगमंचावर आले तेव्हा स्वर्ग रंगभूमीवर दाखवला म्हणून धर्मोपदेशकांनी विरोध केला आणि दोन प्रयोगांनंतर ते बंद पडले. त्याच वर्षी, त्याच शहरात, रेम्ब्रांटबरोबर विवाहाशिवाय राहणाऱ्या हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स हिला चर्चच्या सभेने बोलावून घेतले आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवले. कलेला मुक्त करणारे तत्त्व आणि कलावंताच्या घरात डोकावणारी सभा एकाच काळात, एकाच नगरात नांदत होती. तत्त्व व अवशेष अशी फोड केली तर हे सहअस्तित्व दिसेनासे होते. सुवर्णयुगातील डच कला कॅल्व्हिनवादातून जन्मली असे म्हणण्यापेक्षा कॅल्व्हिनपंथाचे वर्चस्व असलेल्या, पण तो ज्यांना पूर्णत: एकरूप करू शकला नाही अशा व्यापारी शहरांतील ताणांतून ती जन्मली, असे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

गोल्डमनच्या पद्धतीचे मोल येथे कळते आणि तिचा धोकाही. रासीनच्या शोकांतिकांतील मौन पाळणारा ईश्वर आणि जॅन्सेनिस्ट गटाची सामाजिक कोंडी यांतील रचनासाम्य त्याने दाखवले. म्हणजे जीवनदृष्टीला त्याने एका विशिष्ट गटाच्या विशिष्ट क्षणाशी बांधले. मात्र त्यालाही श्रेष्ठ कलाकृतीत ती दृष्टी सर्वाधिक सुसंगत रूपात आढळते. श्रेष्ठ कृतीत दृष्टीला तडे जातात, ही शक्यता त्या मांडणीत दुय्यम राहते.

६

सिद्धान्ताची खरी कसोटी दक्षिण आफ्रिकेत लागली. पहिल्या व्याख्यानात कायपरने म्हटले होते की बहुदेवपूजक व्यवस्था माणसामाणसांत भेद निर्माण करते आणि तिची परिणती भारत व इजिप्तमधील जातिव्यवस्थेत होते. याउलट कॅल्व्हिनवाद सर्वांना ईश्वरासमोर समान उभे करतो. जातिव्यवस्थेबद्दलचे हे निदान भारतीय वाचकाला सहज नाकारता येणारे नाही. पण त्याच व्याख्यानमालेत आफ्रिकेतील लोकांविषयी तुच्छतेची विधाने आहेत. त्याचबरोबर भिन्न मानवसमूहांच्या मिश्रणातून संस्कृती प्रगत होते असेही तो म्हणतो. म्हणजे त्याच्या ग्रंथात परस्परविरोधी सूत्रे शेजारी शेजारी आहेत.

आफ्रिकानेर समाजातील वर्णभेद कायपरने निर्माण केला असे म्हणता येणार नाही. डच रिफॉर्म्ड चर्चने काही जणांच्या दुर्बलतेचे कारण देऊन गौरेतरांसाठी वेगळ्या उपासनेला मुभा दिली ती १८५७ मध्ये. आफ्रिकानेर लोक प्रारंभापासून स्वत:ला कॅल्व्हिनच्या अर्थाने निवडलेली प्रजा मानत होते, या समजुतीलाही आंद्रे दु तॉइत या इतिहासकाराने १९८० च्या दशकात पुराव्यानिशी आव्हान दिले. परंतु विसाव्या शतकात ॲम्स्टरडॅमच्या स्वतंत्र विद्यापीठात शिकून आलेल्या विद्वानांनी ‘क्षेत्र’ या संकल्पनेत एक भर घातली : वंश किंवा राष्ट्र हेही ईश्वरनिर्मित स्वायत्त क्षेत्र आहे. यांतील सर्वांत लक्षणीय नाव कवी टोटियस, म्हणजेच या. दा. दु तॉइत याचे. १९०३ मध्ये त्याने त्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. आफ्रिकान्स बायबलच्या (१९३३) भाषांतरात त्याचा मोठा वाटा होता आणि स्तोत्रे त्याने छंदोबद्ध केली. बोअर युद्धातील दु:खाला वाचा फोडणाऱ्या या कवीने १९४४ मध्ये ब्लुमफाँटेन येथील अधिवेशनात वंशविभक्तीला बायबलचा आधार दिला. उत्पत्तीच्या कथेत ईश्वर प्रकाश व अंधार वेगळे करतो, तसेच बाबेलच्या मनोऱ्यापाशी तो लोक वेगळे करतो. म्हणून माणसाने ते एकत्र करू नयेत, असे त्याचे तर्कशास्त्र होते. पराभूतांच्या वेदनेचा कवी आणि विभक्तीचा भाष्यकार एकच होता. जीवनदृष्टी आणि काव्यगुण यांच्या सरळ समीकरणावर विसंबणाऱ्या समीक्षेला हे उदाहरण अस्वस्थ करणारे आहे.

जातिव्यवस्थेपेक्षा श्रेष्ठ असल्याचा दावा करणारी दृष्टी अशा रीतीने कातडीच्या रंगावर बेतलेल्या जातिव्यवस्थेची भाषा बनली. हा अवशेष होता की तत्त्व? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाने दिले नाही. ते दिले त्या व्यवस्थेत भरडल्या गेलेल्या वाचकांनी. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाने वर्णविभक्तीचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे घोषित केले आणि ॲलन बुसाक या दक्षिण आफ्रिकी धर्मशास्त्रज्ञाची अध्यक्षपदी निवड केली. त्याच वर्षी तेथील गौरेतरांच्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने बेलहार विश्वासपत्राचा मसुदा तयार केला आणि १९८६ मध्ये ते स्वीकारले. बुसाकने आधार घेतला तो कायपरच्याच त्या ‘बोटभर जागे’च्या उद्गारांचा. सर्व जीवन ख्रिस्ताचे असेल तर राजकारण त्यातून वगळता येणार नाही, हा त्याचा युक्तिवाद होता. एका वाक्याने विभक्तीलाही बळ दिले आणि तिच्याविरुद्धच्या लढ्यालाही. अर्थ वाक्यात बीजासारखा ठेवलेला नव्हता. कोण, कोठे उभा राहून ते वाचतो यावर तो ठरत गेला.

७

या परंपरेच्या शाखा मराठी मुलुखातही पोहोचल्या. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनचे धर्मोपदेशक न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वारशातले होते. १८२९ मध्ये आलेला जॉन विल्सन स्कॉटिश प्रेसबिटेरियन होता. १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च राज्यसत्तेच्या हस्तक्षेपाच्या प्रश्नावर फुटले तेव्हा त्याने फुटलेल्या फ्री चर्चची बाजू घेतली. हरि केशवजी यांनी बन्यनच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूप १८४१ मध्ये सिद्ध केले. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले.

या दोन प्रवासांतील फरक अर्थपूर्ण आहे. बन्यनचा यात्रिक बायकामुलांना मागे टाकून कानांत बोटे घालून पळतो. त्याला नाशाच्या नगरीतून बाहेर पडायचे असते. यमुना नवऱ्याबरोबर घराघरांत जाते, विधवांच्या कहाण्या ऐकते आणि अखेर स्वत: वैधव्य भोगून ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. उद्धाराचा मार्ग येथे जगाबाहेर जात नाही, तो कुटुंबसंस्थेच्या मधून जातो. हा बदल कोणत्याही धर्मसिद्धान्ताने सुचवलेला नव्हता. येथील विधवांच्या वास्तवाने तो घडवला. दुसरे उदाहरण जोतीराव फुले यांचे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते १८४१ ते १८४७ या काळात शिकले. तेथून त्यांनी शिक्षण घेतले, ब्राह्मणी ग्रंथप्रामाण्याकडे चिकित्सेने पाहण्याचे धैर्य घेतले, पण आदिपाप घेतले नाही, पूर्वनियती घेतली नाही. टॉमस पेनचे वाचन आणि स्वत:चा अनुभव यांच्या जोरावर ते निर्मिकाच्या कल्पनेपर्यंत पोहोचले. शिकवणाऱ्याची जीवनदृष्टी शिकणाऱ्यापर्यंत अखंड पोहोचत नाही. तिचे तुकडे पोहोचतात आणि शिकणारा ते आपल्या गरजेने जुळवतो.

८

जीवनदृष्टी ही संकल्पना टाकून द्यावी असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. कायपरच्या चळवळीने दाखवून दिले की दैनंदिन व्यवहार, शाळा, मतदान आणि चित्र पाहण्याची रीत यांमागे काही गृहीतके असतात आणि तटस्थतेचा आव आणणाऱ्या राज्यव्यवस्थेचीही स्वत:ची श्रद्धा असते. हे आकलन मोलाचे आहे. परंतु जीवनदृष्टीची समग्रता ही इतिहासात आधीपासून असलेली वस्तू नव्हे. एखाद्या समूहाला आपला हक्क सांगण्याची, प्रतिपक्षाला तोंड देण्याची निकड भासते तेव्हा तो विखुरलेल्या भूतकाळातून ती समग्रता रचतो. १८९८ चा कॅल्व्हिनवाद १५४१ च्या जिनीव्हात शोधून सापडत नाही, कारण त्याचे बांधकाम नेदरलंड्समधील शाळांच्या लढ्यात झाले.

समीक्षेपुरते बोलायचे तर लेखकाची जीवनदृष्टी सांगताना आपणही नकळत कायपरचीच पद्धत वापरतो. आवडते ते दृष्टीच्या खात्यावर जमा करतो, खटकते ते काळाच्या मर्यादेच्या खात्यावर टाकतो. एखाद्या कवीची जातविषयक वा स्त्रीविषयक विधाने ‘त्या काळाचा प्रभाव’ म्हणून बाजूला सारून उरलेल्या कवितेतून उदात्त दृष्टी काढून दाखवण्याचा प्रघात आपल्याकडे कमी नाही. तत्त्व आणि अवशेष एकाच हाताने लिहिलेले असतात. दोन्ही एकत्र वाचणे, ती दृष्टी कोणाच्या विरोधात आणि कोणासाठी रचली गेली हे विचारणे आणि ज्यांना तिची झळ लागली त्यांचे वाचन पुराव्यात धरणे, एवढी शिस्त पाळली तर ‘जीवनदृष्टी’ हा शब्द समीक्षेत गौरवाचे विशेषण म्हणून न राहता चौकशीचे साधन म्हणून पुन्हा उपयोगी पडू शकेल.